'आहे'च्या आधीची मोकळी जागा

ही गोष्ट सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, ती थोडीफार ठाऊक होती. बाकी कुणाला नाही. आणि ज्याला सांगायला हवी होती तो श्रीराम टिपणीस पाच आठवड्यांपूर्वी गेला. सकाळी फोन वाजला तेव्हा मी त्याला भेटायला हॉस्पिटलमध्ये जायचं म्हणून दाढी करत होतो. फोनवर त्याच्या पत्नी कुंदावहिनी होत्या. "भाऊजी, आता हॉस्पिटलला नका जाऊ... घरीच या," एवढंच म्हणाल्या. गालावरचा साबण तसाच ठेवून मी जिन्याच्या पायरीवर बसलो. खरं सांगतो, दुःख नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की आता तो मला पुन्हा विचारणार नाही. आणि पाठोपाठ हे, की आता मला सांगताही येणार नाही.

श्रीराम केमिस्ट होता. इथे लंडनच्या पिनर भागात एका औषधांच्या दुकानात त्याने काउंटरमागे तीस वर्षं काढली. माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली तेव्हा तिला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. तिला इंग्रजी वाचता येईना. श्रीरामने डबीवर दुसरं लेबल चिकटवलं आणि त्यावर सुबक देवनागरीत लिहिलं, 'सकाळी, खाणं झाल्यावर. दुधाबरोबर नको, पाण्याबरोबर.' आईने ती डबी सगळ्यांना दाखवली. तेव्हापासून हॅरो-पिनरमधल्या मराठी घरांत कुणाचे सासू-सासरे आले, की त्यांच्या औषधांवर श्रीरामचं अक्षर असायचं. औषध हातात देण्याआधी लेबलवरच्या प्रत्येक शब्दाखाली तो पेन्सिलीचं टोक टेकवायचा आणि शब्द पुटपुटायचा. मागे कितीही रांग लागो, ती पेन्सिल कधी पळाली नाही. मात्र चार माणसांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं, की तो काहीतरी निमित्त काढून सटकायचा.

आमच्या मराठी मंडळाचा मी चिटणीस होतो आणि अरविंद दामले हे कार्यकारिणीतलं बडं प्रस्थ. कर्तबगार माणूस. मुलांसाठी रविवारचा मराठीचा वर्ग त्यांनीच सुरू केला, तो त्यांच्याच जोरावर चालायचा. नाटक ठरल्या वेळेला सुरू होणार तेही दामल्यांमुळेच. हे सगळं मी आज लिहू शकतो. तेव्हा मला त्यांचं एकच दिसत होतं. एका बैठकीत त्यांनी माझं इतिवृत्त लाल पेनने खुणा करून सगळ्यांसमोर धरलं आणि म्हणाले, "चिटणीसांनी 'मीटिंग'ची दुसरी वेलांटी दीर्घ केली आहे. तशा ते मीटिंगाही दीर्घच करतात." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन आठ दिवस झोपलो नाही.

ज्या वर्षी इराकच्या युद्धाविरुद्ध लंडनमध्ये तो प्रचंड मोर्चा निघाला, त्याच वर्षी आमच्याकडे अध्यक्षपदाची निवडणूक लागली. जग कुठे चाललं होतं आणि माझ्या डोक्यात एवढंच, की दामले अध्यक्ष होता कामा नयेत. त्यांच्यासमोर कुणीतरी असा उभा करायला हवा होता, ज्याच्यावर कुणाचाच राग नाही. मी श्रीरामच्या दुकानात गेलो.

"मी? अरे विनू, मला बोलता येत नाही."

"अध्यक्षाला कुठे बोलावं लागतं? मी आहे की चिटणीस."

"मग अध्यक्ष कशाला हवाय? तूच बस दोन खुर्च्यांवर," तो हसत म्हणाला. मग कानामागची पेन्सिल काढून काउंटरवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "एक विचारू? मी चांगला म्हणून, की दामले नकोत म्हणून?"

"तू चांगला म्हणून."

मी क्षणभरही थांबलो नाही. खोटं बोलताना माणूस अडखळतो असं म्हणतात. मी अडखळलो नाही.

सुमनने मात्र त्याच संध्याकाळी कणीक मळता मळता विचारलं, "अहो, तुम्ही श्रीरामभाऊजींना निवडून आणताय की दामल्यांना पाडताय?" मी म्हणालो, एकच झालं ते. ती म्हणाली, "एक नाही झालं. पडायचे ते एकदाच पडतात. निवडून आलेल्याला नंतर दोन वर्षं काढायची असतात."

आमच्या घटनेप्रमाणे उमेदवाराला एक सूचक आणि एक अनुमोदक लागायचा, आणि अनुमोदकाने मतदानाआधी उमेदवाराविषयी बोलायचं. अनुमोदक मी होतो. भाषण मी टाइप करून नेलं होतं. "श्रीराम कुणावर आवाज चढवत नाही. दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घेत नाही. कुणाच्या चुका चारचौघांत काढत नाही. माईक हातात आला की सोडत नाही, असं त्याच्याबाबतीत कधी होणार नाही..." निवडणुकीसाठी घेतलेल्या चर्चच्या हॉलमध्ये प्रत्येक वाक्याला हशा पिकत होता आणि माना पहिल्या रांगेकडे वळत होत्या. तिथे दामले हाताची घडी घालून बुटांकडे बघत बसले होते. श्रीराम अकरा मतांनी निवडून आला. खुर्च्या रचून ठेवताना तो माझ्याजवळ आला. डोळे भरलेले. "माझ्याबद्दल इतकं कुणी बोललं नव्हतं रे. तो कागद मला देशील?" मी खिशातून काढून दिला. मोठ्या मनाने दिल्यासारखा दिला.

तीन महिन्यांत दामले लीड्सला मुलीजवळ राहायला गेले. मराठीचा वर्ग बंद पडला. आणि माझं काय झालं ते सांगायलाच हवं... दामले गेले आणि माझ्या पाठिंब्यातला जीवच गेला. ज्यांच्यासमोर उभा करायला मला श्रीराम हवा होता, तेच उरले नाहीत. मग त्याच्या चुका मला दिसायला लागल्या. बैठकीत तो सगळ्यांचं ऐकत बसायचा, निर्णय होईना. गणपतीत पाहुण्यांचं स्वागत करायला उभा राहिला आणि तिसऱ्या वाक्यावर थांबला. समोर दोनशे माणसं. त्याने वळून माझ्याकडे बघितलं. पुढचं वाक्य मीच लिहून दिलेलं होतं, मला तोंडपाठ होतं. मी हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत मान घातली. मागून कुणीतरी म्हणालं, "दामले असते तर एव्हाना आरती झाली असती."

वर्षाच्या आत कार्यकारिणीने ठरवलं, की त्याने पायउतार व्हावं. त्याला सांगायचं काम माझ्याकडे आलं. राजीनामाही मीच लिहून नेला.

"'प्रकृतीच्या कारणास्तव'? माझी प्रकृती ठणठणीत आहे रे."

"तसं लिहायची पद्धत असते."

त्याने प्रत्येक शब्दाखाली पेन्सिल टेकवत ते वाचलं आणि सही केली. मग म्हणाला, "जाऊ दे. तुला तरी मी लायक वाटलो होतो. तेवढं बास झालं." त्यानंतर तो मंडळात आला नाही. मी मात्र पुढची चार वर्षं चिटणीस राहिलो.

आमची मैत्री तुटली नाही, आणि तेच मला जड गेलं. दर मंगळवारी आम्ही पार्कात फिरायला जात असू. तो काहीतरी आठवत हसला, की वाटायचं, आता विचारणार. एकदा बाकावर बसता बसता म्हणाला, "तो कागद अजून आहे हं माझ्याकडे." मी ताबडतोब कौन्सिलने झाडं किती वाईट छाटली आहेत त्यावर बोलायला लागलो. घरी आल्यावर सुमन म्हणायची, सांगून टाका एकदाचं. पण सांगायचं म्हणजे काय? मी माफी मागणार, मन हलकं मीच करणार. आणि त्याच्याकडे उरलेली ती एकच गोष्ट काढून घेणार. हे कारण मला फार सज्जनपणाचं वाटायचं. आता वाटतं, मी नुसता घाबरलो होतो.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीत तो उशांना टेकून बसला होता. कुंदावहिनी चहा आणायला खाली गेल्या. मी ठरवूनच गेलो होतो. "श्रीराम, ती निवडणूक..." एवढं म्हणालो. त्याने डोळे उघडले आणि वाट बघितली. काउंटरवर एखादी म्हातारी प्रिस्क्रिप्शन शोधत पर्स उचकायची, तेव्हा तो बघायचा तशीच. घाई नाही.

"बोल ना," तो म्हणाला.

"काही नाही रे. उद्या बोलू."

"बरं. उद्या."

तो उद्या म्हणजे दाढीचा साबण आणि फोन.

तेराव्याला कुंदावहिनींनी मला एक पाकीट दिलं. औषधं घालायची पांढरी कागदी पिशवी होती ती, वर मराठीत लेबल: 'विनूला द्यावे.' आत माझं भाषण. घड्यांवर विरलेलं. मी ते सहा वर्षांनी पहिल्यांदा वाचलं. प्रत्येक वाक्यातल्या 'नाही'खाली पेन्सिलीची रेघ होती. टोक टेकवत टेकवत त्याने वाचलं होतं, एकही सुटला नव्हता. चढवत नाही, घेत नाही, काढत नाही. सबंध पानभर मी श्रीराम काय नाही तेवढंच सांगितलं होतं, आणि ते सगळं दुसऱ्याच माणसाचं वर्णन होतं. लाल पेन नव्हतं, शेरा नव्हता. फक्त कागदाच्या तळाशी, त्याच सुबक अक्षरात, एक ओळ होती. आधी 'श्रीराम', मग बरीच मोकळी जागा, आणि शेवटी 'आहे'.

म्हणजे त्याला माहीत होतं. केव्हापासून, ते मला कधीच कळणार नाही. पार्कातल्या बाकावर त्याने कागदाची आठवण काढली ती कदाचित मला वाट करून द्यायला, आणि मी झाडांबद्दल बोलत राहिलो.

आईची ती गोळ्यांची डबी माझ्या कपाटात अजून आहे. अक्षर जरा पुसट झालंय, पण वाचता येतं. तिच्याबद्दलच बोलायला हवं होतं मी त्या हॉलमध्ये, त्याच्यासाठी, दामल्यांचं नावही मनात न आणता. तीन आठवडे झाले, रोज सकाळी तो कागद पुढ्यात घेतो. मोकळ्या जागेत काय लिहायचं ते मला आता नीट ठाऊक आहे. पेन्सिल टेकवतो, शब्द पुटपुटतो, वाक्य जुळवत शेवटाशी येतो... आणि तिथे त्याने लिहिलेलं 'आहे' खोडून मला 'होता' करावं लागतं.