काळा पडलेला मॉनिटर

माझा नवरा यशवंत गेला, त्यानंतर महिन्याभराने मी कामावर परतले. पहिलंच काम आलं ते वाचनालयातल्या जुन्या सर्व्हरवर लिनक्स ही संगणकप्रणाली टाकायचं. ते नीट बसलं, पण मशीन सुरू केलं की क्षणभर अक्षरं धावायची आणि मॉनिटर काळा पडायचा. त्या काळ्या काचेत माझा चेहरा दिसत होता. त्याच्याकडे मी किती वेळ बघत बसले, कोण जाणे.

"बिघडलं का गं?" ग्रंथपाल जोगळेकरबाईंनी विचारलं.

"नाही. आत सगळं चालू आहे. फक्त दिसत नाही."

बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. हात उबदार असणार. मला फक्त त्याचं वजन कळलं. दुःख झालं की माणूस रडतं, असं मला आजवर वाटायचं.

मी केबल बदलली, दुसरा मॉनिटर लावून पाहिला. शेवटी सुरू होतानाच्या कमांडमध्ये एक शब्द वाढवला, तेव्हा कुठे जुन्या ग्राफिक्स कार्डाला ते झेपलं. ओबडधोबड, मोठी अक्षरं उमटली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. आपल्याला आनंद व्हायला हवा, एवढं मला समजत होतं.

अडलेलं काम झालं की मी यशवंतला फोन करायची. बोटांनी तो लावलासुद्धा.

रिंग माझ्याच पर्समध्ये वाजली. त्याचा फोन मी अजून रोज चार्ज करून सोबत आणते.

"अगं, घे ना, कुणाचा तरी फोन येतोय," बाई म्हणाल्या.

मी तो वाजू दिला.