एका दुपारची घाई

प्रयोगशाळेत त्यांना सगळे थेंबकाका म्हणत. नाव साजेसंच होतं. तिथे विषाणूंवर काम चाले. विषाणू म्हणजे डोळ्याला न दिसणारं कवच आणि त्यात डीएनएचा लांबच लांब दोरा, असा ठासून भरलेला की भिंतींना आतून सतत रेटा. भोवती खारं पाणी असलं की कवच तग धरतं. ते खारेपण उतरवणं हे काकांचं काम, साधं पाणी घालत, थेंबाथेंबाने, अख्खी दुपार घालवून. घाई केलीत की कवच फाटलंच, दोरा बाहेर!

काकांनी उभ्या नोकरीत घाई केली ती एकदाच. नातीचा शाळेत नाच होता. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणत त्यांनी उरलेलं साधं पाणी एकदम ओतलं आणि निघाले.

तोच नमुना गेला एका हुशार पोरीकडे. बारीक सुईने कवच दाबायचं आणि ते उलट किती जोर करतं ते मोजायचं, हे तिचं काम. सगळी कवचं नरम निघाली. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर सगळ्यांदेखत म्हणाले, “कवचं नरम नाहीत, तुझा हात कच्चा आहे.”

काकांनी नळी तिरपी करून पाहिली. आतलं पाणी बुळबुळीत झालं होतं, तार धरत होतं. दोरे बाहेर पडले होते, रिकामी कवचं नरमच लागणार, दुसरं काय! चूक आपली, हे काकांना कळलं. पण निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. माणूस मूग गिळून बसला. महिन्याभरात पोरगी काम सोडून एका विमा कचेरीत लागली.

नऊ वर्षं काकांना ते खात राहिलं. मागच्या आठवड्यात सर वारले, तेव्हा कुठे त्यांनी तिला फोन लावला. धीर आला म्हणायचं, पण खरं तर भ्यायला कुणी उरलं नव्हतं. त्यांनी त्या दुपारचं सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, “म्हणजे माझं चुकलं नव्हतं?”

“नाही गं बाई. माझंच चुकलं.”

“काका, रागावत नाही मी. फक्त एक करा. हे सरांना जाऊन सांगा. बाकी कुणाला नको, त्यांना कळलं तरी पुरे. सांगाल ना?”

सर गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं; काकांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

“काका? उद्या जाल?”