बॅटरीला उकळलेलं पाणी

आमच्या घरी उकळल्याशिवाय पाणी कुणाच्या तोंडाला लागत नसे. आम्ही मुलुंडला राहायचो, आणि एका वर्षी आमच्या सोसायटीत घरटी एक कावीळ झाली होती. तेव्हापासून मी रोज सकाळी मोठं पातेलं गॅसवर चढवायची, पाणी चांगलं खळखळू द्यायची, मग दुपदरी फडक्यातून गाळून गार करायची. आणि गंमत सांगू का, ह्याच पाण्याचा एक तांब्या दर रविवारी खाली गाडीकडे जायचा. बॅटरीत घालायला.

आमचे हे म्हणायचे, "नळाचं नको गं, त्यात कचरा असतो. उकळलेलंच दे." मीही मोठ्या कौतुकाने द्यायची. आपल्या घरचा शिरस्ता गाडीलासुद्धा लावला म्हणून मनातून खूशच होते.

गाडी ह्यांच्या साहेबांची जुनी. साहेबांची बदली झाली आणि ती आमच्या पदरात पडली. हे ऑफिसला लोकलनेच जायचे, गाडी खाली उभी. मी जुन्या चादरींचा झगा शिवला होता तिला. रोज सकाळी हे खाली जायचे, झगा काढायचे, इंजिन चालू करायचे, पाच मिनिटं कान देऊन ऐकायचे आणि बंद करून वर यायचे. का, तर बॅटरी ताजी राहते! शेजारच्या वहिनी म्हणायच्या, "भावोजी रोज गाडीची नाडी बघतात वाटतं." हे हसायचे नाहीत. गाडीच्या बाबतीत ह्यांना विनोद चालत नसे.

त्यातच सासूबाईंच्या पायाला लागलं. मालवणहून आल्यापासून त्या साखरेची गोळी घ्यायला कुरकुरायच्याच. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला चप्पल लागली, जखम झाली, ती भरेचना. घाटकोपरच्या डॉक्टरांनी सांगितलं, एक दिवसाआड सकाळी दहाला ड्रेसिंग, आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. नाही भरली तर बोट काढावं लागेल. सासूबाईंनी डॉक्टरांसमोर मान डोलावली. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "माझा बोट तो कापतलो? मी माझ्या पायानं इलंय, तशीच जातलंय." आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

रिक्षाने एकदा नेलं, तर खड्ड्याखड्ड्याला त्यांचा जीव जात होता. मग गाडी. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला मी त्यांना मागच्या सीटवर उशीवर पाय ठेवून बसवलं, ह्यांनी चावी फिरवली आणि गाडी नुसतं टक् म्हणाली. पुन्हा टक्. सोसायटीतल्या चौघांनी फाटकापर्यंत ढकलली. सासूबाई आतून, "गाडयेकय साखर झाली काय रे?" म्हणून विचारतायत, हे घामाघूम, आणि गाडी मख्ख. साडेदहा झाले. त्या दिवशी रिक्षाही मिळेना. मी डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, उद्या आणा, पण उद्या नक्की. आणखी एक चुकलं तर बोटाची खात्री मी देणार नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं जुनी बॅटरी रिक्षात घालून स्टेशनजवळच्या बॅटरीवाल्याकडे गेलो. गृहस्थ जालन्याकडचे, वागणं मोठं शांत. त्यांनी सहाही बुचं काढली, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, ह्यांच्या पँटवरच्या बारीक भोकांकडे बघितलं.

"पाणी काठोकाठ कोण भरतं?"

"मी," हे छाती पुढे काढून म्हणाले. "दर रविवारी. उकळून, गाळून."

"उकळून?"

"ही उकळते," म्हणून ह्यांनी लगेच माझ्याकडे बोट केलं. कौतुकाचं असतं तर केलं नसतं हो!

ते हसू दाबत म्हणाले, "वहिनी, बॅटरीला कावीळ होत नाही."

मग त्यांनी मला समजावलं. मलाच, ह्यांना नाही, कारण हे दुकानातली सगळ्यात मोठी बॅटरी उचलून बघत होते. पाणी उकळलं तरी त्यातला क्षार आतच राहतो, पातेल्याला बसतो ना पांढरा थर, तोच. म्हणून औषधाच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, तेही आतल्या पट्ट्या बुडून बोटभर वर, त्याहून जास्त नाही. काठोकाठ भरलं की ॲसिड बाहेर येतं, लोखंड खातं, पँट खातं. आणि पाच मिनिटांचं ते नाडी बघणं बंद. गाडी चालू करताना बॅटरीतून जेवढं जातं, तेवढं पाच मिनिटांत परत भरत नाही. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास रस्त्यावर फिरवा.

"मग रोज मी तिला उपाशीच ठेवत होतो म्हणा," हे पुटपुटले. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, पण ह्यांच्या तोंडून स्वतःची चूक मी पहिल्यांदाच ऐकली. मी उगाच बाहेरच्या बसकडे बघत राहिले.

पण मोठ्या बॅटरीचा हट्ट सुटेना. "ही द्या, जीपला लावतात ती."

"साहेब, तुमच्या खाचेत बसणार नाही. जबरदस्तीने बसवली तर हलत राहील, आणि हललेली बॅटरी आतून तुटते. शिवाय हिची टोकं उलट्या बाजूला आहेत, तुमची तार पुरणार नाही." त्यांनी आमच्याच मापाची काढली, वर ठोकलेला बनवल्याचा महिना दाखवला, तो ताजा होता. "मात्र आज देणार नाही. आत्ता ॲसिड भरतो, रात्रभर चार्जिंगला लागते. अर्धवट चार्ज झालेली नेलीत तर पहिल्या दिवसापासून लंगडी."

"दहाला घाटकोपरला पोचायचंय," मी म्हणाले आणि बोटाचं सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "साडेआठला मी स्वतः येऊन बसवतो."

सव्वाआठला आले. तारांची टोकं गरम पाण्याने धुतली, घासली, वर ग्रीस लावलं, पट्टी आवळली. ह्यांनी चावी फिरवली आणि गाडी अशी काही बोलली, की वरच्या गॅलरीतून वहिनींनी टाळ्या वाजवल्या. बरोबर दहाला आम्ही डॉक्टरांच्या दारात.

पुढे सहा आठवडे एकही खेप चुकली नाही. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली, दाबून बघितलं आणि म्हणाले, "आजी, बोट राहिलं. उद्यापासून थोडं थोडं चाला."

सासूबाईंना उद्या कुठला धीर! त्यांनी आधी ते बारकं, काळपट बोट हलवून बघितलं. "हलता हा," म्हणाल्या. मग मला बाजूला सारून टाच टेकली, पाऊल टेकलं आणि भिंत धरून जिना उतरायला लागल्या. अठरा पायऱ्या. मी मागे, हात पुढे करून. खाली ह्यांनी गाडीचं मागचं दार उघडून धरलं होतं, उशी तयार ठेवली होती.

"ती उशी काढ," त्या ह्यांना म्हणाल्या, "आणि फुडचा दार उघड. माका रस्तो बघूचो असा."

पुढे बसून त्यांनी रस्ता काही बघितला नाही. मुलुंड येईपर्यंत त्या खाली वाकून बोटाकडेच बघत होत्या.