नवरदेवाविना भीमपलास

चार फुंकणारे एकत्र आले की किस्से साठणारच. आमच्यात वारंच भरलेलं, दुसरं काय! स्वातंत्र्यानंतरची ती गोंदियातली वर्षं. सीताराम मास्तर क्लॅरिनेटवर, गेंदलाल सनईवर, मी बासरीवर. चौथा डोमाजी, दुसऱ्या सनईवर शेवटपर्यंत एकच सूर धरून बसायचा. मास्तरांची उभी हयात लग्नाच्या बँडात गेलेली. वरातीपुढे चालून चालून ते कंटाळले आणि त्यांनी ठरवलं, आता ढोल नको, ताशा नको. आपण बसून वाजवायचं, लोकांनी बसून ऐकायचं. ऐकायला किती सोपं वाटतं ना?

*

देवरीकडच्या एका गावात आमचा पहिला कार्यक्रम. मास्तरांनी भीमपलास सुरू केला, तर गाव आमच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभं! क्लॅरिनेट वाजलं म्हणजे वरात आली, हे त्यांना पक्कं ठाऊक. आलाप लांबत चालला तसा सोमाजी नावाचा म्हातारा काळजीनं पुढे आला.

"काऊन जी मास्तर, नवरदेव कुठी अडकला?"

नवरदेव नाही, नुसतं ऐकायचंय, असं मास्तरांनी त्याला समजावलं. त्यानं मान डोलावली. मग दम घ्यायला मास्तरांनी क्लॅरिनेट खाली केलं. वाजंत्री थांबली म्हणजे लग्न लागलं, म्हणून सगळं गाव हात धुऊन पंगतीला बसलं. भीमपलास अर्धाच राहिला.

*

गेंदलाल म्हणजे अदबीचा पुतळा. सनईच्या तोंडाची ती नाजूक पत्ती तो कानावर खोचून ठेवायचा. तिरोड्याला एका यजमानांनी ती बघितली. पाहुण्याला काडी मागायला लावायचं कशाला, म्हणून त्यांनी ती कानावरून काढली, काडी ओढून पेटवली आणि त्याच्यापुढे धरली! आमचा जिल्हाच बिड्यांचा, कानावर दुसरं काय असणार?

गेंदलालनं अदबीनं हात जोडले. पत्ती ओठात धरली, झुरका मारला आणि छान आहे अशी मान हलवली. नंतर आम्ही तिघांनीच कसंबसं वाजवलं. परतताना मी त्याला चांगलंच झापलं. तो म्हणाला, "मेजबान ने सुलगाई थी, मना कैसे करता?"

*

एकदा बिडीच्या कारखान्यात वाजवायचं होतं आणि डोमाजी तापानं फणफणलेला. सूर कोण धरणार? मास्तरांनी बिड्या वळणाऱ्या बायांनाच विनंती केली. गोष्ट ऐकताना तुम्ही हुंकार देता, तसा आमच्या सुराला द्या म्हणाले.

बायांनी शब्दशः तसंच केलं. मास्तरांनी एक ओळ वाजवली की सगळ्या मिळून "हूं!" दुसरी ओळ, पुन्हा "हूं!" हसून हसून माझ्या बासरीतून नुसती फुंकर निघत होती. मास्तर शेवटी थांबले. तेव्हा सुपात पानं घेऊन बसलेली पारबताबाई वर न बघता म्हणाली, "मंग?"

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत पुढे काय, असं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी आणखी वाजवलं, आणि या वेळी हुंकार तुटला नाही. एक बाई थांबायची तेव्हा दुसरी धरायची. बिड्या वळणं चालूच होतं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. तेव्हापासून डोमाजी असो-नसो, प्रत्येक गावात सुरुवातीला लोकांना सूर धरायला लावायचा, ही मास्तरांची रीतच झाली.

*

मग मास्तरांची छाती बिघडली. डॉक्टरांनी साफ सांगितलं, फुंकणं बंद. मास्तरांनी विचारलं, चूलही नाही का? डॉक्टर हसले नाहीत.

"एक डाव भीमपलास पुरा होऊ द्या जी," मास्तर म्हणाले. "बसलेल्या मानसाइपुढं. मंग ठेवून देतो."

*

देवरीकडच्या त्याच गावानं मंडईला बोलावलं. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे आमच्याकडची जत्राच, सगळी पंचक्रोशी लोटलेली. दंडारीचा नाचगाण्याचा खेळ सुरू व्हायच्या आधीची दुपार आम्हाला दिलेली. सोमाजी म्हातारा काठी घेऊन पुढे उभा राहिला आणि गर्दीला म्हणाला, "आज नवरदेव नाही. बसा!"

आणि बसले की हो! पोती अंथरून, लेकरं मांडीवर घेऊन. मास्तरांनी नेहमीसारखा सुरुवातीला सगळ्यांकडून सूर धरून घेतला, मग तो डोमाजीवर सोपवून भीमपलास सुरू केला. असा भीमपलास मी पुन्हा कधी ऐकला नाही. जत्रेतल्या फिरत्या पाळण्याचा आवाजसुद्धा थांबला होता.

शेवट जवळ आला आणि मास्तरांचा दम तुटला. खोकल्याची उबळ थांबेना. त्यांचा चेहरा बघून डोमाजी घाबरला, त्याचाही सूर सुटला. सगळं शांत. वाजंत्री थांबली. आता उठणार लोक, मी मनात म्हटलं.

कोणी उठलं नाही. बायांच्या बाजूनं एक हुंकार आला. मग सोमाजीचा. मग पाळणेवाला, मिठाईवाला, दंडारीचे तोंड रंगवलेले गडी. सगळ्या मैदानानं सूर धरला, आणि सोडेचना.

आम्ही तिघांनी मास्तरांचं राहिलेलं पुरं करावं म्हणून वाद्यं उचलली. मास्तरांनी हात आडवा केला. क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं होतं, डोळे मिटलेले.

"थांबा जी," ते म्हणाले. "मी ऐकून राहिलो."