उचला, चॅम्पियन!

पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याने बातमी सोडली, की चॅम्पियन स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी सकाळीच ‘घेऊन’ मैदानात उतरला, म्हणून ऐन वेळी त्याचा हात हलला. बातमी जिना चढून चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत पेल्याची बाटली झाली होती. आता खरं सांगायचं तर घसा धरेल म्हणून हा माणूस पाणीसुद्धा कोमट पितो. हात हलला हे मात्र खरं. पण तो दारूने नाही हलला, मानाने हलला.

तरुणपणी गोल्फची देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा त्याने लागोपाठ दोनदा मारली. चौथ्या मजल्यावर घर घेतलं आणि पलंगाच्या आधी करंडकांसाठी काचेचं कपाट आणलं. “झोपायचंही त्यातच का?” बायकोने विचारलं होतं. चॅम्पियन तेव्हा मनापासून हसला होता. तेव्हा हसायला येत होतं.

मग क्लबातली बडी मंडळी त्याच्या मागे लागली. चॅम्पियनबरोबर खेळलो, हे चारचौघांत सांगता यायला हवं ना! या हौशी खेळात एक रीत असते. चेंडू भोकापासून हातभर राहिला की समोरचा मोठ्या मनाने म्हणतो, “उचला!” म्हणजे गेलाच समजायचं. इतरांना एखाद्या वेळी म्हणतात, याला प्रत्येक वेळी म्हणायचे. “तुम्ही काय चुकणार आहात? उचला, चॅम्पियन!” हातभराचं अंतर दोन हात झालं, तरी उचला. त्यालाही गोड वाटायचं. वर्षानुवर्षं शेवटचा हातभर रस्ता त्याचा चेंडू चाललाच नाही.

खऱ्या स्पर्धेत ही दयामाया नसते. तिथे चेंडू भोकात पडल्याचा आवाज यावाच लागतो. तिथे त्याचा हात हळूहळू दगा द्यायला लागला. लांबचे फटके वाघासारखे, आणि भोकाजवळ आला की मनगटाला झटका. घरी मात्र पॅसेजमधल्या सतरंजीवर आडव्या पेल्यात चेंडू मुकाट जायचा. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, “अहो, राहू द्या, उचला आता. जेवण गार झालं.”

यंदा तो इतका घसरला होता, की या स्पर्धेत तगला नाही तर पुढच्या वर्षी व्यावसायिकांच्या रांगेत जागाच नव्हती. शेवटच्या भोकाशी चेंडू हातभर अंतरावर राहिला. तो घातला की झालं. बायको दोरीपलीकडे ओढणीचा बोळा करून उभी होती.

चॅम्पियन वाकला आणि त्याने चेंडू उचलून खिशात टाकला.

“दादा, अहो, काय केलंत?” जोडीचा खेळाडू पुटपुटला. पंच आला. एक फटका दंड, चेंडू होता तिथे परत ठेवा. आता गेला असता तरी जेमतेमच तगला असता. चॅम्पियनने चेंडू ठेवला, काठी धरली आणि मनगटाने झटका दिला. चेंडू भोकाची कड चाटून पलीकडे जाऊन बसला.

बायकोने तेवढं पाहिलंच नाही. तो वाकला तेव्हाच तिला कळलं होतं. ‘उचला’ म्हणणाऱ्यांत आपणही होतो, हे त्याला सांगायला तिची जीभ अजून रेटत नाही.

आता तो सरावाच्या मैदानावर त्याच बड्या मंडळींना काठी धरायला शिकवतो. पुढच्या वर्षाचं कोणी विचारत नाही, तोही विषय काढत नाही. काचेच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात बायकोने चादरी ठेवल्या. त्याने पाहिलं आणि कपाटाचं दार हळूच लावून घेतलं. तिला तेच जास्त लागलं.

परवा जिन्यात शिंप्याने गाठलंच. “काय चॅम्पियन, हातभर अंतर? अरे, मीसुद्धा डोळे मिटून घातला असता!”

बायकोने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि खाली पाहिलं. चॅम्पियन एक पायरी वर चढून थांबला.

“घातलाच असतास,” तो म्हणाला. “तुला आयुष्यात कोणी कधी उचलू दिलंय?”