उलट्या वाऱ्याचा ध्वज

वृषालीवहिनींचा फोन आला तेव्हा मी प्लांटच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून होतो. "भाऊजी, हेमंत गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला हेमंतचा चेहरा आठवला नाही. आठवला तो त्याने रंगवलेला लाल ध्वज... वाऱ्याच्या उलट फडकणारा. सहा आठवडे झाले, तो डोळ्यांसमोरून हलत नाही.

हेमंत नागपूरचा. फुटाळा तलावापलीकडे पाणी न पाहिलेला हा माणूस आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या औषध कारखान्यात माझ्यासोबत लागला, आणि कंपनीने त्याला सहा महिने डेन्मार्कला पाठवलं. परतला तो जहाजांनी झपाटून. पाऊस म्हणून एका रविवारी म्युझियममध्ये शिरला आणि मग त्याचे सगळेच रविवार तिथल्या जुन्या आरमारी चित्रांपुढे गेले. ते चित्रकार म्हणे स्वतः नौदलाच्या जहाजांवरून फिरायचे, डोलकाठीचा दोर न् दोर टिपून घ्यायचे. कोपनहेगनच्या बंदरात डॅनिश आरमाराने इंग्रजांकडून सपाटून मार खाल्ला, तीही लढाई त्यांनी तितक्याच निगुतीने रंगवली, याचं त्याला फार अप्रूप. "हरलेलं इतकं नीट कोण काढते बे?" तो विचारायचा.

मग घराच्या मागच्या खोलीत त्याने त्या चित्रांच्या नकला काढायला घेतल्या. आमच्या कामात एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, हा शिरस्ता. हेमंतने तो घरी आणला. प्रत्येक चित्राच्या मागे दोन ओळी, 'काढले' आणि 'तपासले'. दुसरी माझी. भिंतीवर टांगायच्या आधी वहिनी ते मोठ्याने वाचायच्या आणि आम्हा दोघांना वेड्यात काढायच्या. तपासायचं कसं, तेही त्यानेच शिकवलं. आधी धूर बघायचा, मग शिडं, मग ध्वज. "समुद्रात वारा एकच राहते. तिघांपैकी एक खोटं बोललं की चित्र गेलं." अकरा चित्रांत मला एक चूक सापडली नाही. याचा मला, खरं सांगतो, थोडा रागच यायचा.

बाराव्यात सापडली. जळणारं डॅनिश जहाज, धूर उजवीकडे, उरलीसुरली शिडं उजवीकडे फुगलेली, आणि ध्वज चक्क डावीकडे. मला कोण आनंद झाला! "साहेब, हा कुठल्या वाऱ्यावर?" मी विचारलं. तो बराच वेळ चित्राकडे पाहत राहिला. "मला तर बरोबरच दिसून राहिलं," म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती... ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. "चष्मा बदला, मग सही देतो," असं म्हणून मी निघालो. बाहेर त्याच्या गाडीचं एक चाक फूटपाथवर चढलेलं होतं. त्यालाही मी हसलो.

तीन आठवड्यांनी तो कँटीनमध्ये कोसळला. मेंदूत गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, गेल्या काही दिवसांत कुणाला काही वेगळं जाणवलं होतं का? वहिनी म्हणाल्या, नाही. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. गप्प राहिलो. आधी कळतं तर कदाचित, असं डॉक्टर नंतर म्हणाले, आणि लगेच, कदाचित नाहीही. वॉर्डात हेमंतने मला एकदाच विचारलं, "सही केली का बे?" मी म्हटलं, तू घरी ये, मग करतो. तो घरी आला नाही.

गेल्या महिन्यात वहिनी ते चित्र माझ्याकडे ठेवून गेल्या. "तुमची सही राहिली आहे, भाऊजी. झाली की बाकीच्यांशेजारी लावते." त्यांना वाटतं, मी आळस केला. चित्र माझ्या बैठकीच्या खोलीत आहे. काही सकाळी दारातून पाहताना वाटतं, ध्वज वळला. जवळ जाऊन बघतो. वळलेला नसतो.

आमच्याकडे उशिरा सही करताना मागची तारीख घालता येत नाही. त्या दिवसाचीच तारीख घालायची आणि उशिराचं कारण लिहायचं. काल मी चित्र उलटं केलं आणि 'तपासले'पुढे लिहिलं, 'ध्वज चुकला आहे. मी तेव्हाच पाहिला होता. हसलो, आणि विचारलं तेव्हा कुणाला सांगितलं नाही.' खाली सही केली, कालची तारीख घातली.

शनिवारी वहिनी चित्र न्यायला येणार आहेत. टांगायच्या आधी त्या मागचं मोठ्याने वाचतील.