दाजींनी अडवलेल्या चिठ्ठ्या

आमच्या दाजींइतका बोलघेवडा जावई परभणी जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्याच घराला मिळाला नसेल, आणि या माणसाचा पोटापाण्याचा उद्योग काय, तर जनुकांना गप्प बसवणं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ते उंदरांवर काम करतात. त्यातल्या सगळ्यात सुस्त उंदराला त्यांनी माझं नाव दिलंय, हे बहिणीनं मला मोठ्या कौतुकानं सांगितलं. पिंगळीला आमच्याकडे आले की चहा पुढ्यात येण्याआधीच त्यांचं सुरू होतं. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना ते त्याला थांबवून फुप्फुसाची गोष्ट सांगतात, आणि तोही बिचारा वस्तरा हातात धरून ऐकतो. गोष्ट एकच. जखमेतून जंतू रक्तात शिरले की शरीर इतकं पिसाळतं, की जंतूंबरोबर स्वतःचं फुप्फुसही झोडपून काढतं. ते सुजतं, पाण्यानं भरतं आणि माणसाचा दम कोंडतो. या मारझोडीचे हुकूम जनुकांकडून चिठ्ठीसारखे निघतात. दाजी जनुकाला हात लावत नाहीत, औषध टोचून त्याची चिठ्ठी वाटेतच फाडतात.

हे त्यांनी वालूरच्या एका लग्नात करूनही दाखवलं. आमच्याकडे लग्नात माइकवाल्याकडे एकामागून एक चिठ्ठ्या जातात, अमक्याचा सत्कार, तमक्याचे दोन शब्द, आणि अक्षता पडेपर्यंत ऊन कलतं. दाजी माइकशेजारी उभे राहिले आणि येईल ती चिठ्ठी अदबीनं घेऊन खिशात घालत गेले. लग्न चक्क मुहूर्तावर लागलं. लोक चाट पडले. पण पुढं बराच वेळ मांडवात कुणी जेवायलाच उठेना, कारण पंगत बसवा म्हणून आलेली चिठ्ठीही त्यांच्याच खिशात होती. आचारी पळी घेऊन माइकपाशी आला तेव्हा कुठे उलगडा झाला. दाजी शांतपणे म्हणाले, "आमच्या कामातबी हेच अवघड हाय."

मागच्या सोयाबीनच्या काढणीत आईच्या पायात धसकट घुसलं. तिनं हळद लावून दुखणं अंगावर काढलं. परभणीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा विष रक्तात भिनलं होतं, फुप्फुसात पाणी उतरलं होतं आणि तिला लगेच श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं. दाजी पुण्याहून आले नि बाहेरच्या बाकावर बसले. चहावाला समोरून गेला, तरी त्याला थांबवून त्यांनी फुप्फुसाची गोष्ट सांगितली नाही. मी त्यांचा हातच धरला, म्हटलं, तुमचं ते औषध काढा आता.

"उंदरांत जमायलंय," ते म्हणाले. "माणसात कोणती चिठ्ठी फाडायची अन् कोणती जाऊ द्यायची, ते अजून नीट कळलं न्हाई. जंतूंशी लढायचीच चिठ्ठी फाडली गेली, तर? मामीवर मी प्रयोग करणार न्हाई."

मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू. आई वाचली ती दवाखान्यातल्या नेहमीच्याच औषधांनी. पण फुप्फुस काही पहिल्यासारखं राहिलं नाही. ओट्याच्या पायऱ्या चढली तरी तिला धाप लागते.

संक्रांतीला दाजी आले, पण फुप्फुसाची गोष्ट काही काढेनात. शेवटी आईनंच पदर सावरत विचारलं, "जावईबापू, तुमचं औषध कवा येणार?"

"लय वेळ लागंल, मामी."

"लागू द्या. माझ्या वक्ताला न्हाई आलं, दुसऱ्या कुणाच्या तरी येईल. पर ती पंगतीची चिठ्ठी तेवढी सांभाळा."

एवढं बोलून ती ताटं वाढायला उठली. दाजी हसले, आणि ती स्वयंपाकघरात पोचेपर्यंत तिच्या धापेकडं कान लावून बसले.